किर्र करणारा आणि मुका

दिवाळीला हैदराबाद-पुण्याहून गावी आलेली पोरं रात्री अंगणात बसली, की पहिली तक्रार रातकिड्याची. "आजी, हा गप्प का बसत नाही?" बेला-जैनथकडच्या आपल्या गावांत बहुतेकांच्या घरामागेच कापूस. त्या कापसात त्याच वेळी आणखी एक किडा फिरत असतो. त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण तो ऐकूच येत नाही. तो म्हणजे गुलाबी बोंडअळीचा पतंग.

रातकिड्यात गातो फक्त नर, तोही तोंडाने नाही. एका पंखाला कानशीसारखे दाते असतात, त्यावर दुसरा पंख घासला की किर्र आवाज निघतो. मादी तो ऐकते, आणि तिचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली! थंडी वाढली की हे गाणं संथ होतं. डिसेंबरात मुद्दाम ऐकून बघा.

पतंगाचं उलट. इथे बोलावते मादी, आणि ती वासाने. आपल्या नाकाला तो वास कळत नाही, नराच्या मिशांना कळतो. तोच वास कृत्रिम तयार करून कामगंध सापळ्यात ठेवतात. कापसात काठीला टांगलेली प्लास्टिकची लांब पिशवी पाहिली असेल, ती हीच. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असं सलग ३ रात्री झालं की उपाय करायची वेळ आली समजायचं.

रातकिड्याचं पिल्लू म्हणजे बिनपंखांचा छोटा रातकिडाच. पतंगाचं पिल्लू मात्र अळी, आणि खरं नुकसान तिचंच. फुलात शिरली तर डोमकळी तरी दिसते. बोंडात शिरली की बाहेरून काही कळत नाही. आत बसून ती सरकी खाते आणि वेचणीला हातात कवडी कापूस येतो. २००२ साली बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची चिंता मिटली असं वाटलं होतं. गुलाबी अळीने तेही पचवलं. २०१७ साली पैनगंगेपलीकडे विदर्भात केवढा फटका बसला, ते घरच्या मोठ्यांना विचारा.

आमच्याकडे एका वर्षी जास्तीच्या वेचणीसाठी पीक फेब्रुवारीपर्यंत ठेवलं. अळीला तेवढंच हवं असतं. पुढच्या हंगामात निम्मा कापूस गेला. यंदा डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची, असं बाबा म्हणतात. शेवटच्या वेचणीचे पैसे जातील म्हणून आई अजून तयार नाही. सापळे मोजायचं काम माझ्याकडे आहे. परवा ६ पतंग होते, काल ७.