घाटातील धुके आणि पिकअपचे दिवे

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने धुक्याचे साम्राज्य असते. माळशेज, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा आणि आंबोली या घाटांतून याच दिवसांत शेतमालाची वाहतूकही अखंड चालू असते. जुन्नर-ओतूर परिसरातील टोमॅटो व पालेभाज्या माळशेज उतरून कल्याण-मुंबईकडे जातात. भाजीपाल्याचा बाजार पहाटेच भरत असल्यामुळे हा माल रात्रीच घाट ओलांडतो. या वाहतुकीचा मोठा भार पिकअप या छोट्या मालवाहू वाहनाने उचलला आहे. रात्र, पाऊस, वळणे आणि धुके यांतून वाट काढणाऱ्या या वाहनाच्या चालकाला अधिक प्रकाशाची गरज भासावी, हे स्वाभाविकच होय. त्यातूनच वाहनाला जादा दिवे बसविण्याची प्रथा वाढली आहे. परंतु धुक्यात प्रकाश किती आहे यापेक्षा तो कोठे पडतो, याला अधिक महत्त्व आहे. ही गोष्ट लक्षात न घेतल्यास संरक्षणासाठी बसविलेला दिवाच समोरून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

धुक्यात प्रकाशाचे काय होते?

ज्या वेळी १ किलोमीटरपलीकडचे दिसेनासे होते, त्या वेळी हवामानशास्त्राच्या परिभाषेत धुके आहे असे म्हणतात. घाटात मात्र ही दृश्यता कित्येकदा ५० मीटरच्या आत येते. आपण ज्याला घाटातील धुके म्हणतो ते पावसाळ्यात बहुधा डोंगरउतारावर टेकलेला ढगच असतो. त्यात पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब तरंगत असतात. एका थेंबाचा व्यास साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. दिव्याचा प्रकाश या थेंबांवर पडला की तो चहूकडे विखुरतो व त्यातील काही भाग चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. प्रखर झोत, म्हणजे चालकांच्या भाषेतील ‘अप्पर’, लावला असता समोर पांढरी भिंत उभी राहते, ती यामुळेच. प्रकाश जितका वाढवावा तितकी ही भिंत अधिक उजळते आणि तिच्यामागचा रस्ता अधिकच हरवतो.

धुक्याच्या दिव्याची रचना या अडचणीवर उपाय म्हणून करण्यात आली आहे. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो. झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असून तिच्या वर प्रकाश जवळजवळ जात नाही. दिवा खाली बसविलेला असल्यामुळे चालकाची दृष्टिरेषा आणि प्रकाशाचा पट्टा यांत अंतर राहते. उजळलेले धुके नजरेच्या आड न येता खाली राहते आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा व कठड्याचा पाया दिसू लागतो. हा दिवा लांबचे दाखविण्यासाठी नाही. जवळचे आणि बाजूचे दाखविणे हेच त्याचे काम आहे.

टपावर आडवी दिवापट्टी बसविणे धुक्याच्या दृष्टीने सर्वांत घातक ठरते, ते याच कारणामुळे. ती चालकाच्या डोळ्यांच्या वर असते व तिचा सारा प्रकाश नजरेसमोरच्या धुक्यावरच पडतो.

पिवळा की पांढरा?

पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असा समज सर्वत्र रूढ आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत वाहनांचे पुढचे दिवे पिवळे असत. तथापि धुक्याचा थेंब प्रकाशलहरींच्या लांबीच्या मानाने कितीतरी पटींनी मोठा असल्यामुळे तो सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतो. पिवळ्या दिव्याचा त्रास काही चालकांना कमी जाणवतो, एवढेच फार तर म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय मानकात पांढरा व पिवळा हे दोन्ही रंग मान्य आहेत. तेव्हा रंगाच्या मोहापेक्षा झोताची कड स्पष्ट आहे की नाही, हे पाहणे श्रेयस्कर.

सुधारणा करताना

जुने दिवे बदलताना तीन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा हॅलोजन बल्ब घालणे. १२ व्होल्टच्या वाहनात ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. १०० वॅटचे दोन दिवे जवळजवळ १७ अँपिअर घेतात. मूळची तार आणि बटण एवढ्या भारासाठी केलेले नसतात. तार तापते, दिव्याचे घर वितळते आणि प्रसंगी आग लागते.

दुसरी चूक म्हणजे हॅलोजनसाठी घडविलेल्या दिव्यात एलईडी बल्ब बसविणे. दिव्यातील परावर्तक हा हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरून आखलेला असतो. प्रकाश निघण्याची जागा थोडी जरी सरकली तरी झोताची कड विसकटते आणि प्रकाश वर उधळतो. एलईडी हवाच असेल तर त्यासाठीच बनविलेला संपूर्ण दिवा घ्यावा. तो वीज कमी खातो, ही त्याची जमेची बाजू होय. काचेवर वर्तुळातील ‘ई’ या रोमन अक्षराची मान्यताखूण आणि तिच्याजवळ ‘बी’ किंवा ‘एफ ३’ ही अक्षरे असल्यास तो आंतरराष्ट्रीय मानकानुसार धुक्याचा दिवा आहे असे समजावे.

तिसरी चूक जागेची. मानकानुसार हलक्या वाहनात हा दिवा जमिनीपासून २५ सेंटिमीटरहून खाली आणि ८० सेंटिमीटरहून वर नसावा. बंपरच्या वरच्या लोखंडी जाळीवर तो बांधणे म्हणूनच गैर आहे. दिव्याला स्वतंत्र बटण, रिले आणि बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. दिव्याची पट्टी मजबूत असावी; सैल पट्टीवरील दिव्याचा रोख पहिल्याच खड्ड्यात बदलतो.

रोख कसा ठरवावा?

उत्तम दिवा घेतला, पण रोख चुकला, तर सारा खर्च व्यर्थ जातो. हे काम मात्र विनाखर्च करता येते. त्यासाठी सपाट जागा, भिंत, मोजपट्टी, खडू आणि सायंकाळचा अर्धा तास एवढेच लागते.

चाकांतील हवा योग्य प्रमाणात भरावी आणि चालकाने आपल्या जागेवर बसावे. वाहन भिंतीला जवळजवळ भिडवून सरळ उभे करावे व दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंच्या खुणा भिंतीवर कराव्यात. त्या खुणा जोडणारी आडवी रेघ काढावी. नंतर वाहन सरळ मागे घेऊन दिवे भिंतीपासून १० मीटरवर आणावेत. पहिल्या रेघेच्या १५ सेंटिमीटर खाली दुसरी रेघ काढावी. एक दिवा पुठ्ठ्याने झाकून दुसऱ्याचा स्क्रू फिरवावा आणि झोताची वरची कड या खालच्या रेघेवर आणावी. मग दुसऱ्या दिव्याचेही असेच करावे. जागा ५ मीटरच असेल तर दोन रेघांत साडेसात सेंटिमीटर अंतर ठेवावे. दिव्यांचा रोख डावी-उजवीकडे न वळता सरळ समोर असावा.

या मापामागील हिशेब सोपा आहे. १० मीटरला १५ सेंटिमीटर म्हणजे दीड टक्का उतार. दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोताची कड ४० मीटरवर रस्त्याला मिळते. ओल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन, चालकाला भान येण्यास लागणारा वेळ धरता, थांबेपर्यंत सुमारे ३० ते ३५ मीटर पुढे जाते. ६० किलोमीटर वेग असेल तर हे अंतर ६० मीटरपर्यंत पोहोचते. उतारावर ते आणखी वाढते. म्हणजेच दिवे कितीही चांगले असले तरी धुक्यात ४० किलोमीटरचा वेगही जास्तच ठरतो. दृश्यता २०-२५ मीटरवर आली, तर ३० किलोमीटरच्याही खाली यावे लागते.

भरलेली गाडी, चढलेला झोत

पिकअपच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. वाहनाचा मागील भाग भाराने खाली बसतो आणि तोंड वर उचलले जाते. अशा वाहनाच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे ३ मीटर अंतर असते, असे धरू. क्रेट भरल्यावर मागची बाजू ९ सेंटिमीटर खाली गेली, तर वाहन ३ टक्के कलते. रिकाम्या गाडीत दीड टक्का खाली लावलेला झोत भरलेल्या गाडीत दीड टक्का वर जातो. ६० सेंटिमीटर उंचीवरून निघालेली त्याची कड ६० मीटरवर दीड मीटर उंची गाठते. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे वा मोटारचालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. ज्याला एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी आहे, त्याचे डोळे दोन-तीन क्षण दिपले तरी काय होऊ शकते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हेडलाइटची पातळी खाली-वर करणारी कळ अनेक वाहनांत असते. धुक्याच्या दिव्यांवर तिचा परिणाम बहुधा होत नाही. यास्तव ज्या वाहनाने रोज माल नेला जातो, त्याच्या दिव्यांचा रोख नेहमीचा माल भरलेला असतानाच ठरवावा. परतीच्या रिकाम्या फेरीत झोत जवळ, सुमारे १३ मीटरवर, पडेल. त्या वेळी वेग आणखी कमी ठेवावा लागेल. परंतु कोणाचे डोळे दिपणार नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ हेच तत्त्व सांगतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा व्यक्तीला दिव्याने दिपविता कामा नये, असा त्याचा आशय आहे. हा किमान दंडक होय. ८ मीटरवर निर्दोष भासणारा, पण वर चढत जाणारा झोत ६० मीटरवर डोळ्यांत शिरतो, हे वर पाहिलेच. म्हणून भिंतीवरील चाचणी टाळू नये. धुके किंवा मुसळधार पाऊस ओसरताच हे दिवे बंद करणे, हाही शिस्तीचाच भाग आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

घाटालगतच्या बहुतेक गावांत शाळेची भिंत आणि सपाट पटांगण असते. पावसाळ्यापूर्वी एखाद्या सायंकाळी ग्रामपंचायतीने गावातील पिकअपधारकांना तेथे बोलावले, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांची मदत घेतली आणि भिंतीवर दोन रेघा कायमच्या आखून ठेवल्या, तर साऱ्या गावच्या वाहनांचे दिवे एका संध्याकाळी तपासून होतील. शिक्षकांना यात भूमितीचा जिवंत पाठ सापडेल. समरूप त्रिकोणांचे प्रमाण फळ्यावर शिकलेला विद्यार्थी येथे दीड टक्क्याचा उतार स्वतः मोजू शकेल आणि आपल्या वडिलांच्या गाडीचा झोत कोठे पडतो, हे त्यांना सांगू शकेल. रस्ता सुरक्षेचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनीही दंडाच्या पावतीआधी या तपासणीला उत्तेजन दिल्यास तिचा स्वीकार सहज होईल.

घाटरस्ता दोघांचा असतो: जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा. आपल्या दिव्याने आपल्याला वाट दिसावी आणि समोरच्याची वाट हरवू नये, एवढा समतोल साधण्यास महागडी सामग्री लागत नाही. खडूच्या दोन रेघा आणि थोडी दक्षता त्यास पुरेशी आहे.