सैन्यातील वर्षे कोणाच्या खात्यात?

या देशात सैनिकाच्या नावाने जेवढ्या घोषणा दिल्या जातात, तेवढी त्याच्या सेवापुस्तकाची पाने कोणी उलटत नाही. पंधरा ऑगस्टला जवानाला सलाम ठोकायचा आणि सोळा ऑगस्टला तोच जवान पेन्शनची फाईल घेऊन कार्यालयात आला की त्याला बाकावर बसवून ठेवायचे, ही येथील व्यवस्थेची रीत आहे. आम्ही आज ज्या प्रश्नावर लिहीत आहोत तो वरवर पाहता रुक्ष नियमांचा प्रश्न आहे. सैन्यात काही वर्षे काढून नंतर सरकारी नोकरीत लागलेल्या माणसाची सैन्यातील सेवा नागरी पेन्शनसाठी धरली जाते की नाही? परंतु या रुक्ष प्रश्नाच्या मागे हजारो घरांच्या म्हातारपणाचा घास आहे, आणि त्यातील कितीतरी घरे आपली आहेत.

सैन्याचे आणि आपल्या समाजाचे नाते कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा भीमा-कोरेगावचा स्तंभ ते सांगतोच. 1892-93 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा केवळ एक नोकरी गेली नाही, तर गावकीच्या बाहेर पडण्याचा दरवाजा बंद झाला. म्हणूनच गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात 1917 साली 111 महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज असेल तेव्हा बोलवायचे आणि गरज सरली की घरी पाठवायचे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

सैन्यातून परतल्यावर दुसरी नोकरी शोधणेही नवे नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाले, तेव्हा घरी आरामखुर्चीत बसले नाहीत. 1901 साली ते सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने काढलेल्या तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेल्या लहान भीमाला मसूर स्टेशनवर काय भोगावे लागले, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यानंतरच्या पिढ्यांतही सैन्यातून सुटलेली आपली माणसे रेल्वेत, टपाल खात्यात, खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळच्या आयुध कारखान्यांत, कचेरीच्या दारावर शिपाई आणि पहारेकरी म्हणून लागली. त्यांची सैन्यातील वर्षे कुठे गेली, हा आमचा सवाल आहे.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1972 मधील नियम 19 यासाठीच होता. सैन्यातून येऊन नागरी सेवेत कायम झालेल्या माणसापुढे त्याने दोन विकल्प ठेवले. पहिला असा की, सैन्याची पेन्शन घेत राहा किंवा मिळालेले उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी जवळ ठेवा. मग ती सेवा नागरी पेन्शनसाठी मोजली जाणार नाही. दुसरा असा की, सैन्याची पेन्शन सोडा, मिळालेली रक्कम नियमाप्रमाणे परत करा. मग वयाच्या अठराव्या वर्षानंतरची सैन्यातील सेवा नागरी सेवेत जोडली जाईल. परतफेड जास्तीत जास्त 36 मासिक हप्त्यांत करता येई आणि पूर्ण रक्कम भरल्याशिवाय सेवा जोडली जात नसे. महाराष्ट्र राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतही सैन्यातील सेवा धरण्याची तरतूद आहे.

ज्याने सैन्यात पंधरा वर्षे पूर्ण करून पेन्शन मिळवली, त्याला बहुधा पहिलाच विकल्प फायद्याचा. सैन्याची पेन्शन चालू राहते आणि नागरी नोकरीची वेगळी मिळते. खरा प्रश्न आहे तो पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच घरी आलेल्या जवानाचा. कोणी घरच्या अडचणीमुळे नाव कापून आला, कोणाला आधीच मोकळे केले गेले. त्याच्या हाती पेन्शन नाही, फक्त थोडेसे उपदान. ते उपदान परत केले तर त्याची सात, आठ, नऊ वर्षे जिवंत होतात. नाही केले तर ती कायमची मेली.

एक साधा हिशेब मांडतो. पूर्वी पूर्ण पेन्शनसाठी 33 वर्षे अर्हताकारी सेवा लागत असे. समजा एकाने सैन्यात 9 आणि केंद्राच्या कार्यालयात 21 वर्षे काढली, आणि त्याचे सरासरी वेतन 6,600 रुपये होते. पूर्ण पेन्शन झाली असती 3,300. एकवीस वर्षांच्या हिशेबाने त्याला मिळतात 2,100. सैन्यातील नऊ वर्षे धरली तर मिळतात 3,000. म्हणजे महिन्याला 900 रुपयांचा फरक, त्यावरचा महागाई भत्ता वेगळा, आणि तोही मरेपर्यंत. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने 33 वर्षांची ही अट काढली आणि 2016 साली जुन्या पेन्शनरांनाही तो लाभ दिला. परंतु निवृत्तीच्या वेळचे उपदान आजही वर्षांच्या हिशेबानेच ठरते, आणि ज्याची नागरी सेवा दहा वर्षांना थोडी कमी पडते त्याच्यासाठी सैन्यातील वर्षे म्हणजे पेन्शन असणे आणि नसणे यांतील अंतर आहे.

मग हा लाभ आपल्या माणसांनी का घेतला नाही? याचे उत्तर त्याच नियमात दडले आहे. विकल्प देण्यासाठी मुदत होती तीन महिन्यांची. त्या मुदतीत काही लिहून दिले नाही तर पहिला विकल्प दिला असे गृहीत धरायचे! ज्याला कोणी काही सांगितलेच नाही, त्याचे मौन ही त्याची संमती ठरली. परंतु नियमाची दुसरी बाजू कार्यालये सांगत नाहीत. कायम नेमणुकीच्या आदेशासोबतच कर्मचाऱ्याकडून लेखी विकल्प मागवणे आणि मुदतीची ही तरतूद त्याच्या नजरेस आणणे हे नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्तव्य होते. अधिकाऱ्याने कर्तव्य केले नाही तरी त्याची पेन्शन शाबूत, आणि शिपायाला नियम ठाऊक नव्हता म्हणून त्याची वर्षे जप्त, हा कुठला न्याय? ज्ञान मूठभरांच्या हाती ठेवायचे आणि अज्ञानाची शिक्षा बाकीच्यांना द्यायची, ही जुनीच मनुवादी पद्धत कचेरीच्या भाषेत चालू आहे.

कोणी म्हणेल, एकाच माणसाला सरकारने दोनदा का द्यावे? आमचे उत्तर सरळ आहे. येथे दोनदा देण्याचा प्रश्नच नाही. घेतलेले परत करा आणि मगच सेवा जोडा, असे नियमच सांगतो. उलट संसदेत बसलेल्यांचे पाहा. खासदाराला पाच वर्षांवरील प्रत्येक वर्षासाठी वाढीव पेन्शन मिळते. त्याला कोणी विकल्प विचारत नाही, छत्तीस हप्ते पाडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली नकारा खटल्यात स्पष्ट केले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची खैरात नाही, तो केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे. मग सीमेवर केलेली सेवा ही सेवा नव्हे काय?

विधवांचे हाल तर वेगळेच. नागरी नोकरी केलेल्या माजी सैनिकाच्या पश्चात त्याच्या पत्नीला सैन्याचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि नागरी कुटुंब निवृत्तिवेतन यांपैकी एकच निवडावे लागे. 24 सप्टेंबर 2012 पासून दोन्ही मिळण्याची वाट मोकळी झाली. तरीही ज्या माउलीला हे कोणी सांगितले नसेल, ती आजही एकाच पेन्शनवर दिवस काढत असेल.

आणि नव्या पिढीसाठी तर ही वाटच तोडली गेली. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राने आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्राने नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. सैन्याला त्यातून वगळले, पण सैन्यातून नागरी नोकरीत आलेला मात्र नव्या योजनेत गेला. त्यामुळे सैन्यातील वर्षे जोडायला जुनी पेन्शनच उरली नाही. 1 एप्रिल 2025 पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत निम्म्या वेतनाइतक्या पेन्शनसाठी 25 वर्षांची सेवा हवी. चाळिशीत नागरी नोकरीला लागलेला माजी सैनिक साठीपर्यंत वीसच वर्षे भरणार. पाच वर्षांची उणीव त्याने कुठून आणायची?

त्यावर कडी केली 2022 च्या अग्निपथ योजनेने. चार वर्षे सेवा, मग शंभरातले पंचाहत्तर घरी. पेन्शन नाही, उपदान नाही. हाती सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, त्यातही निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026-27 मध्ये भरतात. खेड्यापाड्यांतील बहुजनांची पोरे पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावतात ती या चार वर्षांसाठी. ही चार वर्षे पुढच्या सरकारी नोकरीत शून्य धरायची काय?

आमची मागणी स्पष्ट आहे. ज्यांच्याकडून लेखी विकल्प कधी मागवलाच गेला नाही, त्यांना तो पुन्हा द्यावा. ज्यांना सैन्याची पेन्शन नाही, त्यांची सैन्यातील वर्षे नव्या योजनेतही सेवेत धरावीत. अग्निवीराची चार वर्षे पुढील सरकारी नोकरीत मोजावीत.

आणि समाजबांधवांनो, केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. घरातील डिस्चार्ज बुक पेटीतून बाहेर काढा. सेवापुस्तकात सैन्यातील सेवेची नोंद आहे का, विकल्पाचा कागद लावला आहे का, ते माहितीच्या अधिकारात मागवा. नोंद नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून सेवेची पडताळणी करून घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दार ठोठवा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. विहारात रविवारी जमता, तेव्हा एक तास आपल्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या कागदांसाठी द्या. शिकलेल्या पोरांनी अर्ज लिहून द्यावेत. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, ते असे कागद वाचता यावेत यासाठीही सांगितले. जयभीम!