उंची वीतभर, हट्ट हातभर : डॅशहंड असा का वागतो?

नोव्हेंबर २०२३. ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडवर एक जोडपं कॅम्पिंगला गेलं होतं. सोबत त्यांची लाडकी व्हॅलरी. जात मिनिएचर डॅशहंड, वजन जेमतेम ४ किलो, गळ्यात गुलाबी पट्टा. जोडप्याची पाठ वळली आणि व्हॅलरी तात्पुरत्या कुंपणातून निसटून जंगलात पसार झाली. खूप शोधाशोध झाली, पण ती काही हाती लागली नाही. घरात गादीवर लोळणारी एवढीशी कुत्री, जंगलात किती दिवस टिकणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण एप्रिल २०२५ मध्ये व्हॅलरी सापडली. तब्बल ५२९ दिवसांनी! कॅमेरे लावून, सापळा रचून, त्यात मालकिणीचे वापरलेले कपडे ठेवून एका प्राणी बचाव संस्थेने तिला पकडलं. ती नुसती जिवंत नव्हती, चांगली धडधाकट होती. उलट तिचं वजन वाढलेलं होतं.

ही बातमी जगभर व्हायरल झाली. रील्समध्ये गोधडीतून नाक बाहेर काढणारा, सोफ्यावर रुसून बसणारा हा 'सॉसेज डॉग' जंगलात दीड वर्ष तगला कसा, याचं सगळ्यांना नवल वाटलं. पण डॅशहंड मुळात कशासाठी तयार केला गेला हे बघितलं, की हे नवल थोडं कमी होतं. आणि त्याच्या घरातल्या विचित्र सवयींचं कोडंही उलगडतं.

नावातच सगळं आहे

'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. थोडक्यात, बॅजरची शिकार करणारा कुत्रा. हे नाव जर्मन आहे. जर्मनीत मात्र आज लोक त्याला 'डाकेल' किंवा 'टेकेल' म्हणतात. आपल्याकडे कुणी डॅशहाउंड म्हणतं, कुणी डॅक्सहुंड, तर कुणी नुसतंच 'डॅश'.

बॅजर हा युरोपातला बिळात राहणारा प्राणी. वजन साधारण १० किलोच्या आसपास, नखं लांब, जबडा दणकट. जमिनीखाली बोगद्यांचं जाळं करून तो राहतो. त्याला बाहेर काढायचं तर बिळात शिरेल असं कुणीतरी हवं. मग जर्मन शिकाऱ्यांनी आणि वनरक्षकांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत असा कुत्रा तयार केला, ज्याचे पाय आखूड, छाती खोल, पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद आणि नाक लांब. १८८८ मध्ये तर या एका जातीसाठी जर्मनीत स्वतंत्र क्लबही स्थापन झाला.

आजही आंतरराष्ट्रीय श्वान संघटना एफसीआय डॅशहंडचा आकार उंचीवरून ठरवत नाही. छातीचा घेर मोजून स्टँडर्ड, मिनिएचर आणि रॅबिट असे तीन प्रकार केले जातात. कारण उघड आहे. कुत्रा किती उंच आहे यापेक्षा तो कुठल्या बिळात मावेल, हे शिकाऱ्याला महत्त्वाचं होतं.

ज्याला आपण खोड म्हणतो, ती त्याची नोकरी होती

आता डॅशहंडच्या घरातल्या एकेका सवयीकडे बघू.

पांघरुणात घुसणं : डॅशहंड पांघरुणावर झोपत नाही, पांघरुणाच्या आत झोपतो. उशा उकरतो, चादर पायाने ओढतो, गोल गोल फिरतो आणि मग आत गडप होतो. अंधाऱ्या, अरुंद जागेत डोकं घालायला न घाबरणाऱ्या कुत्र्यांचीच पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली. घरात बीळ नाही, तर गोधडी सही! कुंडीतली माती उकरणं हाही त्यातलाच प्रकार.

एवढ्याशा कुत्र्याचा एवढा मोठा आवाज : दाराची बेल वाजली की समोर जर्मन शेफर्ड आहे की काय असं वाटावं, इतका खणखणीत आवाज डॅशहंड काढतो. कारण तो जमिनीखाली गेल्यावर वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला तो दिसायचा नाही. त्याच्या भुंकण्यावरून नेमकं कुठे खणायचं ते ठरायचं. मातीच्या थरातून वर ऐकू जाईल असा आवाज आणि तो काढायला खोल छाती, दोन्ही त्याला कामासाठीच मिळालं.

ऐकून न ऐकल्यासारखं करणं : तुम्ही 'ये' म्हणता. तो बघतो, विचार करतो आणि दुसरीकडे निघून जातो. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात आज्ञा किती पटकन शिकतात आणि पाळतात यावरून कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली होती. त्यात डॅशहंड ४९ वा आला. पण म्हणून तो मठ्ठ ठरत नाही. मेंढ्या राखणारा बॉर्डर कॉली मालकाच्या इशाऱ्यावर काम करतो. डॅशहंडला बिळाच्या आत सांगायला कुणीच नसायचं. पुढे जायचं, थांबायचं की मागे सरकायचं, हा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागायचा. आज आपण त्यालाच हट्टीपणा म्हणतो.

खेळण्याचा फडशा पाडणं : आवाज करणारं खेळणं आणलं की डॅशहंड ते तोंडात धरून जोरजोरात झटकतो, मग फाडून आतला कापूस बाहेर काढतो. उंदीर-घुशीसारखी छोटी शिकार मारण्याची ही त्याची पद्धत. त्यामुळे घरात ससा, हॅमस्टर किंवा पक्षी असेल, तर डॅशहंडला त्यांच्याबरोबर एकटं सोडू नये.

पावसात बाहेर न जाणं : शिकारीसाठी बिळात उतरणारा हा गडी पावसाचे चार थेंब पडले की दारातच अडून बसतो. पोट जमिनीपासून काही इंचांवर. आपल्याला जे डबकं वाटतं, त्यात त्याची अख्खी छाती भिजते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्याला शी-शूसाठी बाहेर नेणं म्हणजे रोजचा वाद. त्यामुळे पावसाआधीच बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये एखादी कोरडी जागा ठरवून तिथली सवय लावलेली बरी.

छोटा आहे म्हणून गरीब नाही

डॅशहंडला आपण छोटे आहोत हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. समोर लॅब्राडोर असो वा रस्त्यावरची टोळी, तो छाती काढून पुढे जातो. स्वतःएवढ्या वजनाच्या बॅजरसमोर बिळात उभं राहायचं, तर घाबरून चालणार नव्हतं.

२००८ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० हून अधिक जातींच्या आक्रमकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. अनोळखी माणसांना आणि स्वतःच्या मालकालाही चावण्याचं किंवा चावायला धावण्याचं प्रमाण ज्या जातींत जास्त दिसलं, त्यात डॅशहंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर होते. म्हणजे ज्यांना आपण बघताक्षणी 'सो क्यूट' म्हणतो, तेच!

याचा अर्थ प्रत्येक डॅशहंड चावरा असतो असा नाही. पण मोठा कुत्रा गुरगुरला की आपण लगेच सावध होतो आणि छोटा गुरगुरला की हसून व्हिडिओ काढतो. त्याने दिलेला इशारा आपण गमतीत घालवतो. मग पुढच्या वेळी तो थेट दात लावतो. पिल्लू असतानाच वेगवेगळी माणसं, मुलं, आवाज आणि इतर कुत्री यांची ओळख करून दिली, की हा धोका बराच कमी होतो.

पाठ लांब नाही, पाय आखूड आहेत

डॅशहंडकडे बघून वाटतं की याची पाठ ओढून लांब केली आहे. प्रत्यक्षात त्याच्या पाठीत इतर कुत्र्यांइतकेच मणके असतात. आखूड आहेत ते पाय. पण खरी अडचण त्या पायांच्या मागे जी जनुकं आहेत, त्यात आहे.

२००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं. एफजीएफ४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत कुत्र्याच्या जनुकसंचात शिरली आणि त्यामुळे डॅशहंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड अशा जातींचे पाय आखूड झाले, असं त्यात दिसलं. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना याच जनुकाची आणखी एक जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली. तीही पाय आखूड करते. पण तिचा संबंध मणक्यांमधल्या चकतीच्या आजाराशीही आहे. त्याला आयव्हीडीडी म्हणतात.

दोन मणक्यांमध्ये धक्के शोषून घेणारी मऊ चकती असते. या कुत्र्यांमध्ये ती लहान वयातच कोरडी आणि कडक होते, तिच्यात कॅल्शियम साठतं. मग एखाद्या दिवशी सोफ्यावरून मारलेली साधी उडीही पुरते. चकती फुटते, आतला भाग मज्जारज्जूवर दाबला जातो आणि कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडू शकतात. साधारण चार-पाच डॅशहंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. बहुतेक वेळा ३ ते ७ या वयात, म्हणजे ऐन उमेदीत.

थोडक्यात, ज्या आखूड पायांमुळे रील व्हायरल होतं, तेच पाय त्याच्या पाठीचं दुखणंही घेऊन येतात.

जर्मनीत यावरून २०२४ मध्ये मोठा वादही झाला. कुत्र्याला आयुष्यभर त्रास होईल अशा शारीरिक ठेवणीचं प्रजनन रोखण्यासाठी सरकारने कायद्यात बदल सुचवले. त्यामुळे डॅशहंडवरच बंदी येईल, अशी भीती तिथल्या केनेल क्लबने व्यक्त केली. कुठल्याही जातीवर बंदी घालायची नाही, टोकाच्या प्रजननाला आळा घालायचा आहे, असा सरकारचा खुलासा होता. पुढे सरकारच पडलं आणि तो मसुदा मंजूर झाला नाही. ज्या देशाने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकर म्हणून 'वाल्डी' नावाचा डॅशहंड निवडला, ऑलिंपिकच्या इतिहासातला तो पहिला अधिकृत शुभंकर, त्याच देशात ही चर्चा झाली.

घरात डॅशहंड असेल तर

जनुकं बदलता येत नाहीत, पण पाठीवरचा भार कमी करणं आपल्या हातात आहे.

– वजन आटोक्यात ठेवा. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर लागल्या पाहिजेत. डॅशहंड खादाड असतो आणि डोळ्यांत पाणी आणून मागण्यात पटाईत. घरातल्या प्रत्येकाने पोळीचा एकेक तुकडा दिला, तरी दिवसाचा हिशेब चुकतो.

– सोफा आणि पलंगाला उतरण लावा. जिन्यावरून रोजची धावपळ नको. गुळगुळीत फरशीवर पाय घसरत असतील तर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका.

– उचलताना पुढच्या पायांना धरून लटकवू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या बाजूला आणि पाठ आडवी सरळ.

– फिरवताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा. फिरवणं बंद मात्र करू नका. पाठीचे स्नायू मजबूत राहण्यासाठी चालणं लागतंच.

– उचलल्यावर ओरडणं, पाठ कमानीसारखी करणं, रोजची उडी मारायला नकार देणं, मागचे पाय लडखडणं यांपैकी काहीही दिसलं तर 'बघू उद्या' नको. त्याला हलू न देता लगेच पशुवैद्यांकडे न्या. पाय लुळे पडले असतील तर प्रत्येक तास मोलाचा असतो. वेळेत उपचार झाले तर अनेक कुत्री पुन्हा चालू लागतात. माणसाची वेदनाशामक गोळी घरच्या घरी अजिबात देऊ नका.

आणि घ्यायचा विचार असेल तर

फ्लॅटमध्ये छोटा कुत्रा बरा, हा हिशेब डॅशहंडच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. जागा त्याला कमी लागते, पण शेजाऱ्यांना त्याची हजेरी रोज कळते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हाउसिंग सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. मात्र कुत्रा शांत राहील, विशेषतः रात्री, याची काळजी मालकाने घ्यावी असंही त्यात सांगितलं आहे. दिवसभर एकट्या पडलेल्या डॅशहंडला हे शिकवणं सोपं नाही.

पिल्लू विकत घेणार असाल, तर केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे हवी आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आई-वडिलांना पाठीचा त्रास होता का, हे विचारा. रंगासाठी भुलू नका. ठिपक्यांच्या 'डॅपल' रंगाचे दोन्ही पालक असतील, तर काही पिल्लं जन्मतः आंधळी किंवा बहिरी निघू शकतात.

डॅशहंड साधारण १२ ते १६ वर्षं जगतो. एवढी वर्षं तो उशा उकरणार, बेल वाजली की इमारत डोक्यावर घेणार आणि हाक मारली की आधी विचार करणार. हे सगळं चालणार असेल आणि त्याच्या पाठीची काळजी घ्यायची तयारी असेल, तर मग गोधडीत एक जागा रिकामी ठेवायला हरकत नाही.