विश्लेषण : 'लिंक' आहे, पण तक्त्यात दिसते का?

वाशिम : जमीन घेताना जाणकार माणूस नुसता सातबारा पाहून थांबत नाही. त्यावरचा फेरफार क्रमांक धरून गाव नमुना ६ काढतो, मग खात्याचा आठ-अ पाहतो. कागद तीन, पण एकमेकांना जोडलेले. रिसोड, कारंजा, मंगरुळपीरहून पुण्याच्या वाहन उद्योगात जाणाऱ्या इंजिनीअरना हाच हिशेब सॉफ्टवेअरमध्ये मांडावा लागतो. त्याचे नाव रिक्वायरमेंट मॅनेजमेंट.

हा प्रकार काय आहे?

रिक्वायरमेंट म्हणजे उत्पादनाने पाळायची लेखी अट. उदा. 'ब्रेक दाबताच मागचा दिवा लागला पाहिजे.' ही अट डिझाइनला आणि चाचणीला जोडली जाते. या जोडणीला लिंक म्हणतात. आयबीएमचे डोअर्स, सीमेन्सचे पोलॅरियन ही त्यासाठीची प्रसिद्ध सॉफ्टवेअर. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आले, २०१८ मध्ये सुधारले गेले. अट ते चाचणी असा माग दाखवणे त्यात अपेक्षित आहे.

तक्ता बदलायचा कशासाठी?

सुरुवातीच्या तक्त्यात बहुधा अटीचा क्रमांक आणि मजकूर एवढेच दिसते. लिंक असते, पण ती पाहायला एकेक अट उघडावी लागते. शेकडो अटी असतील तर ते शक्य नाही. म्हणून जोडलेल्या चाचणीचा वेगळा रकाना लावतात. ज्या ओळीत तो रिकामा, ती अट कोणी तपासलेलीच नाही, हे एका नजरेत कळते.

कोणते रकाने लावावेत?

- जोडलेल्या चाचणीचा फक्त क्रमांक पुरत नाही. तिचा निकालही हवा. लिंक आहे, पण चाचणी नापास, असे होऊ शकते.
- अट नंतर बदलली असेल तर जुनी लिंक संशयास्पद ठरते. तशी खूण दाखवणारा रकाना ठेवा.
- उलटा तक्ताही बनवा : चाचण्या डावीकडे, अटी उजवीकडे. कोणत्याच अटीला न जोडलेल्या चाचण्या त्यात सापडतात.

दुर्लक्ष झाले तर?

नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. इंजिनाच्या धक्क्याचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यावेत, अशी लेखी अट होती. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने ते पाउंड-सेकंदात दिले. फरक सुमारे ४.४५ पटींचा. अट कागदावर होती. ती पाळली जाते का, याची पुरेशी तपासणी झाली नाही.

सर्वांत मोठा धोका कोणता?

फिल्टर. 'फक्त पास झालेल्या चाचण्या' असा फिल्टर लावून तक्ता सेव्ह केला आणि टीमला पाठवला, तर रिकाम्या ओळी गायब होतात आणि सगळे ठीक दिसते. म्हणून तक्ता वैयक्तिक आहे की सर्वांसाठी, हे सेव्ह करतानाच ठरवा. नावातच फिल्टरचा उल्लेख करा. दुसऱ्याने पाठवलेला तक्ता वाचण्याआधी त्यातले फिल्टर काढून एकूण ओळी मोजा. आकडा वाढला, तर काय लपले होते ते आधी पाहा.