तारखेआधी कळा आणण्याचा निर्णय

गरोदरपणाचे दिवस भरत आलेले असताना, माता आणि गर्भ या दोघांच्याही प्रकृतीत काही बिघाड नसताना, कळा आपोआप सुरू होण्याची वाट न पाहता औषधाने किंवा साधनाने त्या सुरू करून घेणे याला वैद्यकात ऐच्छिक प्रसवप्रवर्तन म्हणतात आणि दवाखान्यात त्याला सर्रास ‘इंडक्शन’ म्हटले जाते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, गर्भजल कमी होणे, बाळाची वाढ खुंटणे किंवा कळांआधीच पाणी जाणे अशा कारणांसाठी कळा आणाव्या लागतात तेव्हा प्रश्न निराळा असतो, कारण तेथे थांबण्याचा धोका डॉक्टरांना दिसत असतो. ऐच्छिक निर्णयात मात्र शेवटच्या आठवड्यांतील अवघडलेपण, पतीची रजा, आईची सोय, आवडत्या डॉक्टरांची उपस्थिती, दवाखान्याचे अंतर किंवा नुसती धास्ती अशी कारणे असतात. ती क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या बळावर घेतलेला निर्णय सुरक्षित ठरण्यासाठी काही गोष्टी आधी नक्की असाव्या लागतात, आणि त्यांतील पहिली म्हणजे खुद्द तारीख.

प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून काढली जाते. या हिशेबाला एकोणिसाव्या शतकातील जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांचे नाव आहे. त्यात पाळी २८ दिवसांची आणि बीजधारणा चौदाव्या दिवशी होते असे गृहीत धरलेले असल्याने ज्यांची पाळी लांबते किंवा अनियमित असते त्यांच्याबाबत तो चुकतो. शिवाय हिशेब बरोबर असला तरी शंभरातील चार-पाच स्त्रियाच नेमक्या त्या दिवशी बाळंत होतात. म्हणून अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये पूर्ण दिवसांच्या काळाचे टप्पे पाडले: ३७ व ३८ आठवड्यांचा काळ ‘पूर्ण दिवसांचा आरंभ’, ३९ आठवड्यांपासून ४० आठवडे ६ दिवसांपर्यंतचा काळ खऱ्या अर्थाने पूर्ण दिवसांचा, ४१ आठवड्यांपासून ४१ आठवडे ६ दिवसांपर्यंतचा काळ उशिराचा आणि ४२ आठवड्यांनंतरचा काळ दिवस उलटलेला. या विभागणीमागे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १९ केंद्रांवरील एका अभ्यासाचे बळ होते. आधीचे सिझर असल्यामुळे ठरवून केलेल्या सिझरच्या प्रसूतींत श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागणे अशा बाळाच्या तक्रारींचे एकत्रित प्रमाण ३७ आठवड्यांना सुमारे १५ टक्के, ३८ आठवड्यांना ११ टक्के आणि ३९ आठवड्यांना ८ टक्के आढळले होते. हे आकडे शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतींचे असल्याने कृत्रिम कळांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, तरीही शेवटचे दोन आठवडे बाळाच्या फुफ्फुसांसाठी फुकट जात नाहीत एवढे त्यांवरून स्पष्ट होते. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे भरण्यापूर्वी कळा आणू नयेत, ही मर्यादा त्यातूनच पक्की झाली.

या मर्यादेचा अर्थ तारीख खरी असेल तरच राहतो. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीत गर्भाच्या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर निघते, तर शेवटच्या तिमाहीत तोच अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकतो, कारण तोवर प्रत्येक बाळ आपापल्या गतीने वाढू लागलेले असते. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने सातव्या-आठव्या महिन्यात गाव आणि डॉक्टर दोन्ही बदलतात. सुरुवातीची सोनोग्राफी सासरच्या गावी झालेली असते, तिचा कागद सोबत येतोच असे नाही, आणि नव्या डॉक्टरांच्या हाती नुकताच काढलेला अहवाल तेवढा उरतो. त्या अहवालातील तारीख धरून ‘३९ आठवडे झाले’ असे ठरवले आणि प्रत्यक्षात सदतिसावाच आठवडा चालू असला, तर ऐच्छिक निर्णयाचा सारा पाया ढासळतो. गरोदरपणातील सर्व कागदांत पहिल्या तिमाहीचा सोनोग्राफी अहवाल जपून ठेवण्यासारखा आहे तो याच कारणासाठी, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील शेवटच्या पाळीच्या तारखेची नोंदही त्याच्या जोडीने पाहिली पाहिजे.

तारीख खात्रीची असली की पुढचा प्रश्न येतो तो लाभ-हानीचा. दीर्घकाळ प्रसूतिशास्त्रात असे शिकवले जाई की कळा आणल्या की सिझरची शक्यता वाढते. या समजुतीमागच्या जुन्या अभ्यासांत एक मूलभूत दोष होता. कळा आणलेल्या स्त्रियांची तुलना त्याच दिवशी आपोआप कळा सुरू झालेल्या स्त्रियांशी केली जाई. वास्तविक ३९ आठवड्यांना उभ्या असलेल्या स्त्रीपुढे ‘आज आपोआप कळा सुरू होणे’ हा पर्याय नसतोच, तिच्यापुढे आज कळा आणणे किंवा थांबणे एवढेच दोन मार्ग असतात, आणि थांबणाऱ्यांपैकी काहींचा रक्तदाब पुढे वाढतो, तर काहींना नंतर वैद्यकीय कारणाने कळा आणाव्या लागतात. योग्य तुलना करणारी मोठी चाचणी अमेरिकेतील ४१ रुग्णालयांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ‘अराइव्ह’ या नावाने ती ओळखली जाते. पहिलटकरीण असलेल्या आणि धोका कमी असलेल्या ६,१०६ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटात ३९ आठवडे पूर्ण होताच कळा आणल्या गेल्या आणि दुसऱ्या गटात वाट पाहिली गेली. सिझरचे प्रमाण पहिल्या गटात १८.६ टक्के आणि दुसऱ्यात २२.२ टक्के निघाले. गरोदरपणातील रक्तदाबाचे विकार अनुक्रमे ९.१ आणि १४.१ टक्के होते. बाळांच्या गंभीर तक्रारींत पहिल्या गटाचा आकडा थोडा कमी असला तरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

या निकालानंतर अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी ३९ आठवड्यांना असा पर्याय देणे वाजवी आहे, असे मत दिले. तेथील स्त्रीला त्यामुळे निवडीचे एक दार उघडले, हे चांगलेच झाले. परंतु निकाल दुसऱ्या देशात नेताना तो कोणत्या परिस्थितीत मिळाला हे सोबत नेले नाही, तर आकडे दिशाभूल करतात. विचारणा झालेल्या पात्र स्त्रियांपैकी जेमतेम चौथा हिस्सा त्या चाचणीत सहभागी झाला. एक सिझर टाळण्यासाठी सुमारे २८ जणींना कळा आणाव्या लागल्या, आणि कळा आणलेल्या स्त्रियांचा प्रसूतिकक्षातील मुक्काम साधारण २० तासांचा, तर वाट पाहिलेल्यांचा १४ तासांचा होता. सर्वांत महत्त्वाची बाब संयमाची आहे. गर्भाशयमुख मऊ करण्याचा टप्पा संपून, पाणमोट फोडून आणि कळा वाढवणारे औषध सुरू करून निदान १२ तास होईपर्यंत ‘कळा आणणे फसले’ या एकाच कारणावरून सिझर करू नये, असा त्या चाचणीचा दंडक होता. सिझरचे प्रमाण कमी राहिले त्यात या वाट पाहण्याचा मोठा वाटा मानला पाहिजे. जो दवाखाना सकाळी कळा आणण्याचे औषध देऊन संध्याकाळी ‘प्रगती नाही’ म्हणून शस्त्रक्रियेची तयारी करतो, तेथे त्या चाचणीचा आधार सांगता येत नाही.

कळा आणण्याची प्रक्रिया कशी चालते हे ठाऊक असले म्हणजे हा वेळ कोठे जातो ते कळते. गर्भाशयमुख, म्हणजे बोलीत पिशवीचे तोंड, प्रसूतीसाठी कितपत तयार आहे याचा अंदाज ‘बिशप गुणांकावरून’ घेतात. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली तो ऐच्छिक इंडक्शनच्या निवडीसाठीच मांडला होता, तोही आधी बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी. तोंड किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले, अशा पाच बाबींना मिळून जास्तीत जास्त १३ गुण दिले जातात. आठ किंवा अधिक गुण असतील तर कळा आणणे सहसा सोपे जाते, सहा किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावे लागते. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन जेल, मिसोप्रोस्टॉलची अल्प मात्रा किंवा फोली कॅथेटर, म्हणजे टोकाशी पाण्याने फुगवता येणारा फुगा असलेली रबरी नळी, वापरतात. त्यानंतर पाणमोट फोडणे आणि सलाइनमधून ऑक्सिटोसिन देणे हा क्रम येतो. या औषधांनी कळा फार लागोपाठ आल्या तर बाळाला मिळणारा प्राणवायू घटतो, म्हणून बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. आधीचे सिझर असलेल्या स्त्रीला मिसोप्रोस्टॉल देणे गर्भाशय फाटण्याच्या भीतीने टाळले जाते. कृत्रिम कळा अनेक स्त्रियांना अधिक तीव्र वाटतात आणि अमेरिकेत बहुतेकींना पाठीतून वेदनाशामक औषध मिळते. आपल्याकडील अनेक दवाखान्यांत ती सोय नाही, हा फरक वीस तासांच्या हिशेबात लहान नाही.

कळा आणण्याच्या साधनांबाबतचे ज्ञान केवळ परदेशातून आलेले नाही. नागपूरच्या दोन शासकीय रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तोंडाने दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या २५ मायक्रोग्रॅमच्या मात्रांनी ५७ टक्के स्त्रिया २४ तासांत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या, तर फोली कॅथेटरने ४७ टक्के. रुग्णांची गर्दी असलेल्या सरकारी रुग्णालयात, स्वस्त औषधाने आणि काटेकोर देखरेखीने हे काम नीट होऊ शकते याचा हा भक्कम पुरावा आहे. मात्र त्या स्त्रियांना कळा आणण्याचे वैद्यकीय कारण होते, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अमेरिकेपेक्षा सावध आहे. ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात आणि गुंतागुंत नसेल तर त्याआधी आणू नयेत, अशी तिची शिफारस आहे. वाट पाहण्यालाही सीमा असते हे स्वीडनमधील चाचणीने दाखवले: ४१ आणि ४२ आठवड्यांना कळा आणण्याची तुलना करताना वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. या संदर्भात लंडनमधील १,२२,००० हून अधिक गरोदरपणांच्या २००४ सालच्या अभ्यासाची आठवण ठेवावी. त्यात दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांच्या कळा गोऱ्या युरोपीय स्त्रियांपेक्षा मध्यमानाने सुमारे आठवडाभर आधी, ३९ आठवड्यांना सुरू होतात असे आढळले. तरीही केवळ वंशावरून सरसकट ३९ आठवड्यांना कळा आणाव्यात, ही ब्रिटनमधील २०२१ च्या मसुद्यातील सूचना तीव्र आक्षेपांनंतर अंतिम मार्गदर्शिकेतून वगळण्यात आली. हा निर्णय एकेका स्त्रीचा आहे, गटाचा नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न सिझरच्या प्रश्नापासून तोडता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. देशातील खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. अमावास्या टाळण्यासाठी किंवा मुहूर्त साधण्यासाठी घरची मंडळी कळा आणण्याचा आग्रह धरतात, तेव्हा बाळंतपणाची वेळ त्यामुळे हाती येत नाही हे त्यांना स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, कारण घटिका गाठण्याच्या आग्रहाचा शेवट बहुधा शस्त्रक्रियेत होतो. अंतराची अडचण मात्र खरी असते. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत तारखेच्या आधी काही दिवस गर्भवतीला आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून शासनाने ‘माहेरघर’ योजना चालवली आहे. कळा आणण्याऐवजी दवाखान्याजवळ येऊन थांबणे हाही पर्याय असतो, आणि शहराबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी तो आधी विचारात घ्यावा.

तारीख पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीने निश्चित झाली असेल, ३९ आठवडे भरले असतील, दवाखान्यात रात्रंदिवस देखरेख आणि शस्त्रक्रियेची सोय असेल, आणि ‘औषधाला प्रतिसाद मिळाला नाही तर किती तास थांबाल’ या प्रश्नाला डॉक्टर नेमके उत्तर देत असतील, तर इच्छा असलेल्या स्त्रीला कळा आणून घेण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि इच्छा नसलेल्या निरोगी स्त्रीला ४१ आठवड्यांपर्यंत थांबण्याचाही तितकाच. सासू, आई, पती किंवा डॉक्टर यांच्या सोयीसाठी तिच्या वतीने दिलेली संमती ही संमती नव्हे. वाट पाहण्याचा निर्णय घेतलेल्या स्त्रीने मात्र बाळाची हालचाल मंदावली, पाणी किंवा रक्त गेले, डोके सतत दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेसाठी न थांबता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.