भंडारदऱ्याची वाट आणि तेलाचें बूच

पावसाळा सुरू झाला कीं कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, बारी या मार्गानें भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराच्या पायथ्यावरून रस्ता प्रवरेच्या खोऱ्यांत शिरतो. अशा सहलीच्या आदल्या दिवशीं पुष्कळ हौशी गृहस्थ घरींच इंजिनाचें तेल बदलतात. काम अवघड नाहीं. परंतु त्याचें यशापयश एका अंगठ्याएवढ्या वस्तूवर अवलंबून असतें. ती वस्तू म्हणजे इंजिनाच्या तळाशीं असलेलें तेल सोडण्याचें बूच, अर्थात् ड्रेन प्लग.

हें बूच सैल राहिलें तर घाटांतील हादऱ्यांनीं तें हळूहळू उलटें फिरूं लागतें आणि तेल रस्त्यावर गळूं लागतें. इंजिनांतील फिरते भाग तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात. तो थर गेला कीं धातूवर धातू घासून थोड्याच वेळांत इंजिन जखडतें. तेलाचा तांबडा दिवा लागतांच गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. पुढच्या गांवापर्यंत जाण्याचा मोह धरूं नये.

या भीतीनें दुसरी चूक घडते, ती म्हणजे सर्व बळ एकवटून बूच पिळण्याची. बूच पोलादाचें असतें, तर त्याखालचें तेलपात्र पुष्कळ गाड्यांत मऊ ॲल्युमिनियमचें असतें. जादा जोर झाला कीं पात्राचे आटे जातात. मग थोड्या पैशांच्या बुचापायीं सबंध पात्र बदलण्याची पाळी येते.

मग घट्ट म्हणजे किती घट्ट? भंडारदऱ्याचें १९२६ सालीं पूर्ण झालेलें विल्सन धरण आपल्या प्रचंड वजनाच्या जोरावर पाणी अडवितें. बुचाला असें वजन नसतें. तें ताणाच्या जोरावर टिकतें. आवळतांना त्याचा दांडा किंचित् ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें मागें येऊं पाहतो. या ओढीनेंच बुचाचें डोकें वायसरावर दाबलें जातें व तेलाची वाट बंद होते. ताण कमी पडला तर बूच सुटतें. अधिक झाला तर आटे तुटतात. शिवाय हाताच्या जोरापैकीं ढोबळ मानानें नऊ दशांश भाग घर्षणांतच खर्च होतो. ताण उत्पन्न करण्यास उरतो तो एक दशांश. म्हणून आटे मळलेले असले तर हाताला घट्ट लागलेलें बूच प्रत्यक्षांत सैल असूं शकतें.

कृतीचा क्रम असा ठेवावा. गाडी सपाट जमिनीवर उभी करून हातब्रेक लावावा व चाकांना अटकाव द्यावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. भक्कम घोडे लावावे. इंजिन कोमट असावें. तापलेलें तेल हात भाजतें. योग्य तें बूच ओळखून घ्यावें, कारण गिअरपेटीचें बूचहि जवळपासच असतें. तेल निथळल्यावर बूच व त्याची बसण्याची जागा स्वच्छ पुसावी. जुना वायसर काढून नवा घालावा; तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदां दबला कीं पुन्हां तितका नीट बसत नाहीं. माहितीपुस्तकांत सांगितल्याखेरीज आट्यांना वंगण लावूं नये, कारण घर्षण घटलें कीं तेवढ्याच जोरानें ताण वाढतो. नंतर बूच बोटांनींच फिरवीत शेवटपर्यंत न्यावें. तें मध्येंच अडलें तर आटे तिरपे बसले असें समजून परत काढावें. पान्याची जबरदस्ती करूं नये.

अखेरचें आवळणें टॉर्क पान्यानें करावें. बहुतेक लहान मोटारींत हें माप सुमारे २५ ते ४० न्यूटन-मीटर असतें. नेमका आंकडा त्या त्या गाडीच्या माहितीपुस्तकांतून घ्यावा. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशीं सुमारे १४ किलोग्रॅम वजनाइतका जोर. यावरून पान्याला नळी अडकवून लांबी दुप्पट करणारा मनुष्य नकळत पीळहि दुप्पट करतो, हें ध्यानांत येईल. टॉर्क पान्यानें ‘टक्’ असा आवाज दिला कीं थांबावें. खात्रीसाठीं आणखी एक हिसका देणें म्हणजे मोजमाप फुकट घालविणें होय.

नवें तेल भरल्यावर इंजिन कांहीं मिनिटें चालवून बंद करावें. मग खालीं ओल दिसते काय तें पाहावें, तेलाची पातळी तपासावी आणि प्रवासाच्या पहिल्या मुक्कामाला पुन्हां एकवार नजर टाकावी. गळतीची उपेक्षा मोठ्या बांधकामांनाहि परवडत नाहीं. विल्सन धरणांतूनच १९६९ सालीं गळती वाढली, तेव्हां पुढें त्याच्या पाठीशीं आधारस्तंभ उभारून तें बळकट करावें लागलें.

एक काम मात्र शेवटीं उरतें. काढलेलें काळें तेल गटारांत किंवा मातींत ओतूं नये. बंद डब्यांत भरून जुन्या तेलाच्या अधिकृत संकलकाकडे द्यावें. भंडारदऱ्यांत साठलेलें पाणी प्रवरेनें ओझरच्या बंधाऱ्याशीं पोंचतें व तेथून कालव्यांनीं राहुरी-श्रीरामपूरकडील शेतांत जातें. घराच्या अंगणांत सांडलेलें तेलहि पावसाबरोबर अशाच कोणत्या तरी प्रवाहाला मिळतें. बूच मापानें आवळणाऱ्यानें डब्याचें झांकणहि तितक्याच काळजीनें लावावें.