उणे वीस

मानकोली नाक्यावर मासे घ्यायचे तर सासूबाई टोपलीसमोर बसकण मारतात. आधी कल्ला उचलून आतला रंग बघायचा, मग डोळा, मग पाठीवर अंगठा. खळगा लगेच भरून आला तरच भावाची भाषा. मागे एकदा मीही सोबत होते. पुण्याहून आलेल्या भाचीला साशिमी करायची होती, म्हणून मी विचारलं, "ही सुरमई कच्ची खाल्ली तर चालेल?"

कोळीण हसली. "कच्ची? मांजराला घालायची हाय का?"

साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप. व्हिनेगर लावलेल्या भाताबरोबर येते ती सुशी. भाचीचं म्हणणं, "मासा ताजा असला की झालं." मलाही तसंच वाटत होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी विळीवर सुरमईचं पोट फाडलं, तेव्हा आतड्याला चिकटलेली दोऱ्याच्या गुंडाळीसारखी पांढुरकी अळी दिसली. भाची दोन पावलं मागे सरली. सासूबाईंनी ती राखेत टाकली आणि म्हणाल्या, "मासा ताजा म्हणून ही पण ताजी. कालवणात कुठं जगतेय ती?"

त्या एका वाक्यात सगळा मुद्दा आला. ती अळी नेमकी कुठली, हे तज्ज्ञच सांगू शकेल. पण समुद्री माशांत अ‍ॅनिसाकिस कुळातल्या अळ्या असतात आणि अरबी समुद्रातल्या माशांतही त्या सापडल्या आहेत. देवमासा, डॉल्फिन यांच्या पोटात या जंताची वाढ पुरी होते. अंडी पाण्यात, तिथून कोळंबीसारख्या जिवांत, तिथून माशात. मासा मेल्यावर आतड्यातल्या अळ्या मांसात शिरू शकतात, म्हणून पोट लवकर साफ करायचं. कच्च्या माशातून जिवंत अळी माणसाच्या पोटात गेली की ती जठराला चावा घेऊन बसते. काही तासांत असह्य कळा येतात आणि दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढावी लागते. जपानमध्ये डॉक्टरांना हे नवं नाही. लिंबू, व्हिनेगर, वसाबी यांनी ती मरत नाही. आपलं आगळही तिथे कामाचं नाही.

ती मरते दोनच गोष्टींनी: आच आणि गारठा. साठ अंशांवर मासा आतपर्यंत शिजला की मिनिटभरात खेळ संपतो. कच्चा खायचा तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा: उणे २० अंश सेल्सियस किंवा त्याखाली ७ दिवस, नाहीतर उणे ३५ अंशांवर पूर्ण गोठवून त्याच थंडीत १५ तास. म्हणजे चांगल्या हॉटेलातली साशिमी बहुधा आधी गोठवलेल्या माशाची असते. टूना म्हणजे आपला कुपा; त्याच्या काही मोठ्या जातींना जंत कमी म्हणून त्या नियमात सूट आहे. 'सुशी ग्रेड' या शिक्क्याला मात्र तिथेही कायद्याची व्याख्या नाही.

आमच्या फ्रीजरवर 'उणे १८' छापलेलं आहे. थर्मामीटर आणून रात्रभर मटाराच्या पिशव्यांमध्ये ठेवला. सकाळी उणे १४. दाराजवळ उणे ११. त्यातून दिवसात वीस वेळा दार उघडतं आणि वीज गेली की आकडा आणखी चढतो. मानकोली नाक्यावरून गोदामांकडे जाणाऱ्या रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरवर आतल्या तापमानाचे आकडे रात्रभर चमकत असतात. ते आजवर मी नुसते बघत होते, त्या दिवशी वाचले.

गोठवण्याने अळी मरते, जंतू मात्र बहुतेक झोपतात. मासा उबला की परत जागे होतात. बांगडा, सुरमई, कुपा या माशांचं आणखी एक दुखणं आहे. ते उन्हात किंवा बर्फाविना पडले की जंतू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात. हे विष गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. ते अंगठ्याला कळत नाही, कित्येकदा नाकालाही नाही. मासा बोटीपासून टोपलीपर्यंत किती तास बर्फात होता, एवढाच त्याचा खरा दाखला. आणि तो टोपलीत मिळत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशांचं तर नावच काढू नये. रोहू, कटला कच्चे खायचे नाहीत. गोड्या पाण्यातले अर्धकच्चे खेकडे खाऊन फुफ्फुसात जंत गेल्याचे रुग्ण मणिपूरमध्ये सापडले आहेत.

सुरमईची तळून तुकडी झाली. भाची हिरमुसली, म्हणून आठवड्याने कच्च्या खाण्यासाठीच गोठवलेला टूना मागवला. पाकिटावर प्रक्रियेची तारीख आणि साठवणीचं तापमान छापलेलं होतं. तो ओट्यावर नाही, फ्रीजमध्ये ४ अंशांखाली रात्रभर सुटू दिला; हवाबंद पाकीट आधी कापलं, कारण हवा नसलेल्या पाकिटात बोटुलिझमचे जंतू फोफावू शकतात. विळी बाजूला ठेवली. फळी नवी, सुरी धारदार आणि धुतलेली. भाचीने तंतूंच्या आडवे, सुरी एकदाच ओढून काप केले. ताट लगेच मांडलं. उरलेले तुकडे दुसऱ्या दिवसासाठी न ठेवता तव्यावर टाकले.

सासूबाईंनी एक काप चाखला. "गार हाय," एवढंच म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या.

घरी साशिमी करायची असेल तर मासा आणण्याआधी फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवून बघा. उणे २० दिसत नसेल तर बाजारातला ताजा मासा कच्चा खाऊ नका. कच्च्या खाण्यासाठी गोठवलेलाच आणा. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तर त्यांच्या ताटात तोही नको. त्यांना तळलेली तुकडी वाढा.